पोकळ काठीवाला अँटन

मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतं, पण यंदा मराठी विभागात लिहायचंच असं ठरवलंय. तेव्हा सांभाळून घ्या!

गेल्या सेमिस्टरला आमची इंडस्ट्रियल व्हिजिट एका छोट्या बिअर कारखान्यात होती. (हजेरी शंभर टक्के, हे सांगायला नकोच!) आमच्या वाट्याला मात्र आले मॉल्टचे दाणे, म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेले जव. फिकट दाणा गोडसर, बिस्किटासारखा. तांबूस दाणा खरपूस भाकरीच्या पापुद्र्यासारखा. या तांबूस दाण्यामुळेच अंबर लागरला तिचा रंग येतो. वय बसत नसल्यामुळे आम्ही ती फक्त पाहिली. कोऱ्या चहाचा रंग! तिथल्या क्वालिटीच्या मॅडमनी एक घोट घेऊन सांगितलं, की आधी भाजलेल्या पावाची चव येते, मग थोडा गोडवा, शेवटी हलका कडवटपणा, आणि तोंड चिकट होत नाही.

ही चव बसवणाऱ्याचं नावही त्यांनीच सांगितलं. अँटन ड्रेहर. परत आल्यावर मी त्याच्याबद्दल वाचत सुटले.

अँटनचा जन्म १८१० चा. गाव श्वेखाट, जिथे आज व्हिएन्नाचा विमानतळ आहे. वडील लवकर गेले, घरचा बिअरचा कारखाना आईनं सांभाळला. त्या काळी तिकडे बरंचसं काम अंदाजानंच चालायचं. १८३३ साली हा तेवीस वर्षांचा मुलगा म्युनिकच्या गाब्रिएल सेडलमायर या मित्राबरोबर इंग्लंड-स्कॉटलंडला गेला. तिथले कारखानदार थर्मामीटर आणि सॅकरोमीटर वापरत होते, पण गुपितं कोण सांगणार? मग या दोघांनी पोकळ काठी बनवून घेतली, तिच्या टोकाला झडप. सगळ्यांची नजर चुकवून काठी टाकीत बुडवायची आणि आतला नमुना मुक्कामावर नेऊन मोजायचा!

वाचून मी आधी हसले, मग गप्प झाले. कारण रेडवुड व्हिस्कोमीटरची माझी रीडिंग्ज सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेली होती. सरांनी एवढंच विचारलं, त्या दिवशी लॅबचा थर्मामीटर फुटलेला होता, मग तापमान कशानं मोजलंस? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चोरी अँटननंही केली, तिचं कौतुक नको. पण घरी येऊन त्यानं इंग्रजांची बिअर उतरवून काढली नाही. १८३६ मध्ये कारखाना हाती घेतला. इंग्रजी पद्धतीच्या भट्टीत मॉल्ट वाळवला, त्याला कमी तापमानात तळाशी बसणाऱ्या यीस्टची जोड दिली आणि बिअर बर्फाच्या तळघरात मुरवली. १८४१ मध्ये त्याची तांबूस व्हिएन्ना लागर बाजारात आली. मधली आठ वर्षं कुणाच्या जर्नलमध्ये सापडणारी नव्हती!

१८६२ मध्ये त्यानं बुडापेस्टजवळ कारखाना घेतला, पण पुढच्याच वर्षी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी तो गेला. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याची बिअर गाजली, ते पाहायला तो नव्हता.

मी प्रॅक्टिकल पुन्हा केलं. नवा थर्मामीटर, सहा रीडिंग्ज. ग्राफ जरा वाकडा आलाय, पण कशानं मोजलं ते आता सांगता येतं.