गिझर आपोआप बंद कसा होतो? गोष्ट वॉरेन जॉन्सन यांची

बारामती-इंदापूरकडे थंडी पडली की तांब्याच्या बंबाच्या जागी आता बऱ्याच घरांत गिझर लागतो. पोरं पुण्या-मुंबईला आणि घरी म्हातारे आईवडील. पाणी तापलं की गिझर आपला आपणच बंद होतो. हे काम करतो थर्मोस्टॅट.

थर्मोस्टॅट आधीही होते, पण त्याला विजेची जोड दिली वॉरेन जॉन्सन यांनी. १८४७ साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये जन्मलेले जॉन्सन पुढे विस्कॉन्सिनमध्ये प्राध्यापक झाले. तिथं शिपाई वर्गावर्गात जाऊन थंडी-उकाडा बघायचा आणि मग तळघरात जाऊन भट्टीची झडप हलवायचा. शिकवणं मध्येच थांबायचं. जॉन्सन यांनी वर्गातल्या तापमानाची खबर तळघरात घंटा वाजवून देणारं यंत्र बनवलं. १८८३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं.

१८८५ मध्ये मिलवॉकीत त्यांची कंपनी उभी राहिली. तीच आजची जॉन्सन कंट्रोल्स. १८९५ मध्ये त्यांनी प्रत्येक खोलीचं तापमान वेगळं राखणाऱ्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. मनोऱ्यांवरची घड्याळंही बनवली. १९११ मध्ये ते वारले.

पण पाणी किती तापवायचं, हे ठरवणार आपणच. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, त्यात म्हातारपणी कातडी पातळ. म्हणून आईवडिलांसाठी ॲपवाला गिझर घेण्यापेक्षा एकच बटण आणि ठळक आकडे असलेला घ्या. तो ५० अंशांच्या आसपास लावून ठेवा. आणि बादलीत आधी गार पाणी, मग गरम.