विमानांचे शिल्पकार डॉ. विष्णू माधव घाटगे

आपल्या नाशिक रोडच्या वस्तीत नोटप्रेसमधली, रेल्वेतली, देवळालीच्या तोफखान्यातली माणसं घरोघरी सापडतात. काहीजण ओझरला विमान कारखान्यात जातात. ओझरचा हा कारखाना १९६४ साली उभा राहिला तो रशियन मिग बांधण्यासाठी. म्हणजे हात आपले आणि नकाशे दुसऱ्याचे. पण त्याआधीच एका मराठी माणसाने आपले नकाशे आपणच काढून हवाई दलाला विमान दिले होते, हे आपल्या मुलांना ठाऊक नसते. म्हणून या स्मरणिकेत आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

डॉ. घाटगे कोल्हापूरकडचे, जन्म १९०८ चा. ते जर्मनीत गटिंगेनला गेले आणि हवेच्या प्रवाहाचे शास्त्र ज्यांनी घडवले त्या प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवून परत आले. १९४२ च्या डिसेंबरात बंगळूरच्या विज्ञान संस्थेत विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला, तो त्यांनीच उभा केला. महायुद्धाचे दिवस होते. त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले होते आणि युद्धकाळातील कारागिरांच्या तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. यंत्र चालवणारे हात एकीकडे तयार होत होते, यंत्राचा विचार करणारी डोकी दुसरीकडे.

पुढे घाटगे वालचंद हिराचंद यांनी १९४० साली काढलेल्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात मुख्य आराखडाकार झाले. हवाई दलाला नवशिक्या वैमानिकांसाठी विमान हवे होते. विलायती प्रेंटिस विमान परवान्यावर इथे बांधले जातच होते, तेवढ्यावर भागवता आले असते. मात्र आराखडा दुसऱ्याचा असला की साधा बदल करायचा तरी त्याला विचारावे लागते, सुट्या भागांसाठी त्याच्याच दाराशी उभे राहावे लागते. १९४८ मध्ये सरकारने स्वतःच्या विमानाला मंजुरी दिली आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ‘एचटी-२’ आकाशात गेले. पुढे-मागे दोन आसने, एक गुरूचे, एक शिष्याचे. इंजिन अजून विलायतीच होते, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी अशी दीडशेच्या वर विमाने बांधली गेली, त्यातली काही आफ्रिकेतल्या घाना देशानेही घेतली. आपल्या वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या याच विमानावर शिकल्या.

नंतर जेट आले. ‘मरुत’ लढाऊ विमानासाठी जर्मन आराखडाकार कुर्ट टँक यांना बोलावले गेले. शिकाऊ जेट ‘किरण’ मात्र घाटग्यांच्या देखरेखीखाली तयार झाले आणि सप्टेंबर १९६४ मध्ये उडाले, म्हणजे ओझरचा कारखाना निघाला त्याच वर्षी! १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लष्करी गणवेश त्यांनी कधी चढवला नाही. १९९१ साली ते गेले.

बंगळूरला कुणी जाणार असेल तर तिथल्या विमान संग्रहालयात ‘एचटी-२’ ठेवलेले आहे, पोरांना नक्की दाखवा.