वाळूतली नौका जपणारे बेसिल ब्राउन

ज्या नौकेची एक फळीही शिल्लक नव्हती, ती संपूर्ण नौका बेसिल ब्राउन यांनी जगासमोर उभी केली. सटन हूच्या सोन्याची कीर्ती सर्वदूर पोहोचली, पण ही नौका हाती लावणाऱ्या माणसाचे नाव बराच काळ मागेच राहिले.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सफोक काउंटीत, बक्लशॅम गावी २२ जानेवारी १८८८ रोजी त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि मुलगा वडिलांच्या शेतावर राबू लागला. वाचनाचा नाद मात्र सुटला नाही. पत्रद्वारा शिक्षण घेऊन १९०७ साली त्यांनी खगोलशास्त्र, भूगोल आणि भूशास्त्र या विषयांच्या पदविका मिळवल्या. आकाशाच्या जुन्या नकाशांवरील त्यांचा ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने चूल पेटत नव्हती. शेती बसली, विमा एजंटाचे काम करून पाहिले आणि १९३५ पासून ते इप्सविचच्या संग्रहालयासाठी उत्खनने करू लागले.

डेबेन नदीकाठच्या सटन हू येथील जमीनमालकीण श्रीमती इडिथ प्रिटी यांना घराजवळच्या टेकाडांत काय दडले आहे, याचे कुतूहल होते. आठवड्याला ३० शिलिंग मजुरीवर ब्राउन तेथे गेले. १९३८ च्या उन्हाळ्यात उघडलेली तिन्ही टेकाडे पूर्वीच लुटलेली निघाली. एकात मात्र लोखंडी रिव्हेट विखुरलेले सापडले. ब्राउन यांनी ऑल्डबरा येथे जाऊन, १८६२ मध्ये स्नेप येथे मिळालेल्या नौकेच्या रिव्हेटांशी ते ताडून पाहिले. ही तुलना पुढल्या वर्षी कामी आली.

८ मे १९३९ रोजी सर्वांत मोठ्या टेकाडाला हात घातला. तीनच दिवसांत पहिला रिव्हेट दिसला आणि ब्राउन यांनी काम थांबवून त्याभोवतीची जागा निरखली. आम्लयुक्त वाळूने सुमारे तेराशे वर्षांत लाकूड खाऊन टाकले होते. पण वाळूवर फळ्यांचा ठसा राहिला होता आणि रिव्हेट मूळ जागी, ओळीने उभे होते. एखाद्या उतावळ्या खोदणाऱ्याने ते टोपलीत गोळा केले असते, आणि नौका तिथेच संपली असती. ब्राउन यांनी एकही न हलवता ब्रशने वाळू झाडली. हळूहळू सुमारे २७ मीटर लांबीचा आकार उमटला. जुन्या लुटारूंनीही या टेकाडात खड्डा खणला होता. परंतु टेकाडाची एक कड आधीच कापली गेल्याने त्यांचा मध्य चुकला आणि दफनकक्ष वाचला.

जुलैत केंब्रिजच्या चार्ल्स फिलिप्स यांनी सूत्रे हाती घेतली. सोन्याचा पट्टाबंद, तुकडे झालेले शिरस्त्राण, चांदीची भांडी प्रशिक्षित मंडळींनी बाहेर काढली. ब्राउन आपल्याच उत्खननात मदतनीस झाले. हे दफन बहुधा पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड याचे असावे, असे मानले जाते.

१४ ऑगस्टला गावच्या सभागृहात चौकशी झाली. पुन्हा काढून नेण्याच्या हेतूने पुरलेले सोने-चांदी राजसत्तेचे, असा कायदा होता. मृतासोबत दिलेले धन कोणी परत काढण्यासाठी पुरत नाही, म्हणून पंचांनी ते श्रीमती प्रिटी यांचे ठरवले. त्यांनी ते सारे ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. ३ सप्टेंबरला युद्ध जाहीर झाले. खजिना लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बोगद्यात सुरक्षित राहिला. नौकेचा ठसा मात्र नेच्यांनी झाकून मागे ठेवावा लागला आणि लष्करी सरावाची वाहने त्या माळावरून गेली. १९६५ नंतर तो पुन्हा उघडून त्याचा साचा घेतला, तेव्हा नुकसान दिसले.

ब्राउन सफोकमध्येच खणत राहिले. १९६६ मध्ये त्यांना वर्षाला २५० पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन मिळाले. १२ मार्च १९७७ रोजी रिकिंगहॉलच्या राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्या गावच्या चर्चमध्ये त्यांच्या नावाचा फलक लागला तो २००९ मध्ये.