लिंगोची गाणी टिपणारा पाद्री

भामरागडला पर्लकोटा चढली, की पलीकडे गेलेल्या माणसाच्या काळजीने घरचे कसे कासावीस होतात, हे मी पाहिले आहे. म्हणूनच स्टीफन हिस्लॉप यांच्या आयुष्याचा शेवट मला परका वाटला नाही.

8 सप्टेंबर 1817 रोजी स्कॉटलंडमधील डन्स येथे ते जन्मले. 1843 साली सरकारी आश्रय सोडून वेगळ्या झालेल्या फ्री चर्चचे हे पाद्री 1845 मध्ये, भोसल्यांच्या राज्यात, नागपूरला आले. आले ते धर्मप्रसारासाठीच. पण पुढच्याच वर्षी त्यांनी मुलांसाठी शाळा काढली. फावल्या वेळी हातोडी घेऊन दगडांतले जीवाश्म शोधले.

मला मात्र मोठे वाटते ते त्यांचे ऐकणे. शहाणीसुरती माणसे ज्यांना रानटी म्हणत, त्या गोंडांची भाषा, चालीरीती आणि लिंगोची गाणी त्यांनी टिपून ठेवली. शिकवायला आलेला माणूस स्वतःच शिकू लागला!

4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून रात्री घोड्यावरून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडाले. वय अवघे 45. मागे राहिलेली टिपणे रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापली. नागपुरात 1883 साली त्यांच्या नावाचे कॉलेज निघाले.

कॉलेजचे नाव विदर्भात घरोघर ठाऊक आहे. टिपणे किती जणांनी चाळली असतील? आमची माडिया मुले आता शाळा-कॉलेजात जातात. त्यांच्या आजीची गाणी त्यांनीच उतरवून घ्यावीत. आजी आहे तोवरच!