झाडांचे कैवारी : रामचंद्रपंत अमात्य

रामचंद्रपंत शिवरायांच्या अष्टप्रधानांतील अमात्य. १६८९ मध्ये राजाराममहाराज जिंजीस गेले, तेव्हा ‘हुकूमतपन्हा’ होऊन पंतांनी महाराष्ट्रातील राज्य सांभाळले. उतारवयात, १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी त्यांनी आज्ञापत्र लिहिले. पुराणांनी वृक्षाला पुत्र मानले होते. पंतांनी तोच भाव राज्यकारभारात आणला. आरमाराला लाकूड हवेच, तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे तिने वर्षानुवर्षे लेकरांसारखी वाढविलेली असतात. झाड जीर्ण झालेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. आम्हां शेतकऱ्यांच्या मुलांना पंत जवळचे वाटतात ते यासाठीच. बांधावरच्या झाडालाही धनी असतो, हे राजाला सांगणारा अमात्य विरळाच!