परळच्या खोलीतील विद्यार्थी भीमराव



१४ एप्रिलच्या सुमारास आपल्या वस्तीत व्याख्यान असते. नायगाव, वरळी, परळ, कुठेही असो, तुम्ही मुलाबाळांसह सतरंजीवर जाऊन बसता. वक्ते महाडच्या तळ्यापासून सुरुवात करतात, राज्यघटनेवर येतात आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर समाप्ती करतात. ते योग्यच आहे. पण बाबासाहेबांची विद्यार्थिदशा बहुधा दोन वाक्यांतच आटोपते. ती दशा याच मुंबईत, तुमच्याआमच्या चाळीसारख्याच एका चाळीत गेली. म्हणून आज तेवढीच हकीकत सांगतो.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी मालोजी सकपाळ लष्करात सुभेदार होते, कबीरपंथी होते. आई भीमाबाई लहानपणीच गेल्या. साताऱ्याची शाळा झाल्यावर हे कुटुंब मुंबईस आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. त्याच खोलीत चूल होती, तेथेच सर्वांचा बिछाना. निजायचे तर उशाशी जाते आणि पायाशी शेळी. सुभेदार मुलाला लवकर निजवीत, स्वतः जागत बसत आणि रात्री दोन वाजता त्याला उठवीत. मग मिणमिणत्या दिव्यापाशी भीमराव पहाटेपर्यंत वाचीत असे. पुस्तकांना पैसे नसले म्हणजे सुभेदार आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना गहाण टाकीत आणि पेन्शन हाती आली की सोडवीत. त्या बहिणींचे नाव व्याख्यानात फारसे कोणी घेत नाही. तुम्ही मात्र आपल्या मुलींना ते सांगा. एकीचे नाव मंजुळा, दुसरीचे तुळसा.

एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमरावाचे नाव घातले. तेथेही विटाळ सुटला नाही. एकदा गुरुजींनी त्याला फळ्यावर गणित सोडवावयास बोलाविले. फळ्यामागे इतर मुलांचे जेवणाचे डबे होते. तो फळ्याला हात लावण्यापूर्वीच मुलांनी धाव घेऊन डबे बाजूला ओढले. संस्कृत शिकण्याची त्याची इच्छा होती, ती मिळाली नाही, फारसी घ्यावी लागली.

शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसे. त्याच बागेत विल्सन हायस्कुलातील शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर येत असत. त्यांनी या मुलाची विचारपूस केली, त्याला पुस्तके दिली.

भीमराव परीक्षा पास झाला तेव्हा आपल्या लोकांनी सत्काराची सभा भरविण्याचे ठरविले. सुभेदारांनी प्रथम नकार दिला. मुलाच्या डोक्यात हवा जाईल अशी त्यांना भीती वाटली. केळुसकरांनी समजूत घातली तेव्हा ते कबूल झाले. चरित्रकार ही सभा १९०७ च्या मॅट्रिकनंतरची सांगतात आणि अध्यक्ष सीताराम केशव बोले होते असे म्हणतात. बाबासाहेबांनी स्वतः मात्र इंग्रजी चौथीची परीक्षा म्हटली आहे आणि अध्यक्ष म्हणून केळुसकरांचे नाव दिले आहे. हेच बोले पुढे मुंबई कायदेमंडळात गेले. १९२३ साली त्यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला आणि त्याच ठरावाच्या आधारावर १९२७ चा महाडचा सत्याग्रह उभा राहिला.

त्या सभेत केळुसकरांनी मुलाला एक पुस्तक भेट दिले. ते त्यांनी स्वतः लिहिलेले, १८९८ साली प्रसिद्ध झालेले गौतम बुद्धाचे चरित्र होते. भीमरावाने ते वाचले आणि तो हलून गेला. घरी रामायण-महाभारताचे वाचन होत असे. आपण अस्पृश्य, मुलाच्या मनात न्यूनगंड येऊ नये, लहान कुळातले लोकही मोठे झाले हे त्याला कळावे, म्हणून ते वाचावयास लावतो, असे वडील सांगत. मुलाचे त्याने समाधान झाले नाही. बुद्धाचे चरित्र वाचल्यावर त्याने वडिलांना विचारले की हे आपण मला आधी का दिले नाही. सुभेदार अखेर गप्प झाले. ही हकीकत बाबासाहेबांनी १९५६ साली, बुद्ध आणि त्याचा धम्म या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नमूद केली आहे.

पुढे केळुसकरच त्याला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे घेऊन गेले. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, कॉलेज पुरे झाले आणि १९१३ साली भीमराव अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेला. तो जाण्यापूर्वीच, त्याच वर्षीच्या २ फेब्रुवारीला, सुभेदार वारले. मुलाची विद्या फळास आलेली त्यांना पाहावयास मिळाली नाही.

वाचकहो, त्या सभेपासून १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत सुमारे ५० वर्षे लोटली. मधल्या काळात बाबासाहेबांनी अनेक धर्मांचा विचार केला. धम्माचे बी मात्र परळच्या त्या मुलाच्या हाती पुस्तकाच्या रूपाने पडले होते. आपल्या घरी मूल पास झाले की आपण पेढे वाटतो, नवे कपडे घेतो. ते जरूर करा. पण त्या दिवशी त्याच्या हाती बुद्धाचे एखादे चरित्रही द्या, आणि त्याने प्रश्न विचारला तर रागावू नका. उत्तर ठाऊक नसेल तर त्याच्याबरोबर बसून तुम्हीही ते पुस्तक वाचा.