हाना होखची कात्री

जाहिरातीतील तरुणी एकाच वेळी दोन कामे करते: ती माल खपविते आणि स्वतःही मालच बनते. बाजारपेठेचे हे मर्म एका जर्मन चित्रकर्तीने केवळ कात्रीच्या साह्याने उघडे केले, त्याला आता शंभर वर्षे उलटून गेली.

हाना होख हिचा जन्म १८८९ साली गोथा येथे झाला. धाकट्या बहिणीला सांभाळण्यासाठी पंधराव्या वर्षी तिची शाळा सुटली. १९१२ मध्ये ती कलाशिक्षणासाठी बर्लिनला आली आणि १९१६ ते १९२६ अशी दहा वर्षे तिने उल्श्टाईन या बड्या प्रकाशनसंस्थेत नोकरी केली. स्त्रियांच्या मासिकांसाठी भरतकाम-विणकामाचे नमुने काढणे हे तिचे काम. जर्मन स्त्रीला १९१८ मध्ये मताधिकार मिळाला. परंतु बाजाराला तिच्या मतापेक्षा तिच्या खरेदीत अधिक रस होता. आखूड केसांची, सडपातळ, सदा हसतमुख अशी ‘नवी स्त्री’ सचित्र नियतकालिके घरोघरी पोचवीत होती.

होखने हीच पाने कापून नव्याने जुळविली. १९१९-२० मधील ‘सुंदर मुलगी’ या चिकटचित्रात पोहण्याच्या पोशाखातील तरुणीला डोक्याच्या जागी विजेचा दिवा आहे. भोवती बीएमडब्ल्यूची बोधचिन्हे, टायर आणि खिशातले घड्याळ. पाहणाऱ्यास आधी हसू येते. मग या मुलीचा चेहरा कोणी नेला, हा प्रश्न पडतो.

प्रस्थापितांची खिल्ली उडविणारे तिचे दादापंथी सहकारीही याबाबतीत जुनेच निघाले. १९२० च्या बर्लिन येथील दादा प्रदर्शनात तिला स्थान देण्यास ग्रोस व हार्टफील्ड यांचा विरोध होता. हाउसमानने स्वतःची चित्रे काढून घेण्याची धमकी दिली, तेव्हा तिचा प्रवेश झाला. नाझी राजवटीत तिची कला निषिद्ध ठरली. १९३९ पासून ती बर्लिनच्या हायलिगेनझे या उपनगरातील लहानशा घरात राहिली आणि दादापंथाची चित्रे व कागदपत्रे तिने तेथे लपवून जपली. १९७६ मध्ये पॅरिस व बर्लिन येथे तिचे मोठे प्रदर्शन भरले. १९७८ मध्ये ती निवर्तली.

जाहिरात बनविण्यास भांडवल लागते. ती उसवण्यास होखला कात्री आणि डिंक पुरला. ज्या उद्योगाने तिला पगार दिला, त्याच्याच कागदावर तिने त्याचा हिशेब मांडला. ग्राहकाने केवळ विकत घ्यावे किंवा पान उलटावे, एवढेच त्याच्या हाती नसते, हा त्या हिशेबाचा अर्थ.